हृदयाच्या कॅथलॅबमध्ये पायाची अँजिओप्लास्टी सुरू करायची आहे. काय लागतं, कुठे फसतं?

प्रश्न: हडपसर_जनरलसर्जन

नमस्कार. पुण्याच्या पूर्व भागातलं ट्रस्टचं रुग्णालय, शंभर खाटा. दौंड, इंदापूर, सासवड बाजूचे मधुमेही पाय रोजचेच. आषाढी वारीत पालखी पुढे सरकली की चार दिवसांनी फोड पिकलेले पाय रांगेनं येतात. कॅथलॅब (क्ष-किरणांखाली रक्तवाहिन्यांत नळी घालून काम करायची खोली) आहे, पण तिथे आजवर फक्त हृदयाची कामं झाली. पुढच्या महिन्यापासून व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन आठवड्यातले दोन दिवस येणार आणि गुडघ्याखालच्या धमन्यांच्या अँजिओप्लास्ट्या (बंद धमनी बलून फुगवून उघडणं) इथेच करायच्या, असं ठरतंय. खरेदी विभागाचा सूर असा, "बलून तोच, वायर तीच, टेबल तेच. वेगळं काय घ्यायचं?"

सामानात नेमका फरक काय? कुठला पाय आधी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) घ्यायचा आणि कुठला आधी कॅथलॅबमध्ये? रात्री मजल्यावर एक आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि दोन सिस्टर असतात, त्यांनी काय बघायचं? किडनी आधीच अधू असेल तर काय करता? पुस्तकातली प्रस्तावना नको, रोज लागणारं सांगा.

---

रक्तवाहिनी_कोथरूड

सर, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. पाय जातो तो बहुतेक वेळा तिथल्या चुकीनं, बलूनच्या चुकीनं क्वचित.

आधी पू आहे का ते बघा. पाऊल सुजलंय, लाल आहे, दाबलं की चरचरतं, वास येतोय, साखर आवरत नाहीये; ताप असो वा नसो, अशा पायाला अँजिओग्राफीसाठी (धमनीत डाई, म्हणजे क्ष-किरणात दिसणारा द्रव, सोडून घेतलेले फोटो) थांबवायचं नाही. त्याच दिवशी चिरा, पू आणि सडलेलं काढा, जखम उघडी ठेवा. रक्त आणायचं काम त्यानंतर एक-दोन दिवसांत. याउलट बोट कोरडं, काळं, सुरकुतलेलं, कडेला स्पष्ट रेघ आणि पू नाही, तर त्याला हात लावू नका. आधी रक्त, मग बोट. रक्त न पोचणाऱ्या पावलावरचं बोट कापलं की टाक्यांची कड काळी पडते, मग काळेपणा वर सरकत जातो आणि एका बोटाचा प्रश्न गुडघ्यापर्यंत येतो.

चालताना पोटरी भरून येते का, हा प्रश्न पुण्यात फसवा आहे. माणूस सोसायटीच्या गेटपासून दुकानाच्या दारापर्यंत दुचाकीवरच असतो. 'चालताना दुखत नाही' याचा अर्थ चालतच नाही. त्यापेक्षा विचारा की रात्री पाय खाटेखाली लोंबकळत सोडून झोपता का, की खुर्चीतच बसून रात्र काढता. उत्तर 'हो' आलं तर तो रेस्ट पेन, म्हणजे रक्त कमी पडल्यानं बसल्या जागीही होणारं दुखणं.

एबीपीआयवर (घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब) विसंबू नका. मधुमेहात आणि डायलिसिसवर पोटरीच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साचतो, कफ फुगवला तरी त्या दबत नाहीत आणि आकडा १.३ नाहीतर १.४ येतो. कागदावर पाय ठणठणीत, समोर अंगठा निळा. अंगठ्याचा दाब मोजा. पाऱ्याच्या ३० मिमीच्या खाली असेल तर रक्त आणल्याशिवाय जखम भरण्याची आशा धरू नका. ते यंत्र नसेल तर निदान हातातल्या डॉपलरवर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) घोट्याजवळचा आवाज ऐका. निरोगी धमनी टपटप तोडून बोलते, आजारी धमनी एकसुरी, वारा वाहिल्यासारखी. जखम, रक्तपुरवठा आणि संसर्ग यांना प्रत्येकी ० ते ३ गुण देणारी 'वायफाय' नावाची पद्धत आहे (नाव खरंच तेच). पहिल्या भेटीत ते तीन आकडे केसपेपरवर लिहायची सवय लावा. पुढे कोणी काय केलं आणि का केलं, यावरून होणारे निम्मे वाद त्यानं मिटतात.

आता प्रत्यक्ष काम. हृदयवाले मनगटातून नाहीतर जांघेतून वरच्या दिशेनं सुई घालतात. गुडघ्याखालच्या कामाला त्याच पायाच्या जांघेतून खालच्या दिशेनं, म्हणजे अँटिग्रेड, जावं लागतं. सोनोग्राफीशिवाय ही सुई घालू नका. सुई कॉमन फीमोरलमध्ये (जांघेतली मुख्य धमनी), फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) गोल डोक्यासमोर जायला हवी. तिथे मागे हाड असतं, त्यामुळे नंतर दाबायला आधार मिळतो. वर गेली तर इंग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतल्या पट्ट्याच्या) पलीकडे रक्त पोटामागे साचतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. खाली गेली तर धमनीच्या दुभाजकाच्या पलीकडे तिच्या एका फांदीत, सुपरफिशियल नाहीतर प्रोफंडा फीमोरलमध्ये शिरते. मग स्यूडोअ‍ॅन्युरिझम (भोकाभोवती साचलेली, धडधडणारी रक्ताची गाठ) नाहीतर शिरेशी जोड. २१ गेजची मायक्रोपंक्चर सुई वापरा. पहिला प्रयत्न चुकला तरी भोक बारीक राहतं.

शीथ (धमनीत ठेवायची प्रवेशनळी) ५ फ्रेंच (जाडीचं माप), ११ सेंमी पुरते. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किलोमागे ७० ते १०० युनिट. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) २५० सेकंदांच्या आसपास ठेवा आणि काम लांबलं तर दर तासाला पुन्हा बघा. पोटरीतल्या धमन्यांत प्रवाह मंद असतो, त्यात कॅथेटर घातलं की आणखी मंदावतो. हेपॅरिनमध्ये कंजूसी केली तर आपण उघडलेली धमनी आपल्याच डोळ्यांसमोर गोठते.

पूर्ण बंद धमनीतून जाताना मांडीत ०.०३५ इंची हायड्रोफिलिक (ओली झाली की निसरडी होणारी) वायर, गुडघ्याखाली ०.०१८ नाहीतर ०.०१४. वायर एकटी ढकलू नका. मागे सपोर्ट कॅथेटर (वायरला आधार देणारी नळी) हवंच, नाहीतर टोकाला जोर पोचत नाही आणि वायर वळून बाजूच्या फांदीत शिरते. धमनी आकसली तर नायट्रोग्लिसरीन १०० ते २०० मायक्रोग्रॅम शीथमधून, आधी बीपी बघून. वरून वाट मिळत नसेल तर अर्धा तास झगडून धमनीचा चुराडा करण्यापेक्षा घोट्याजवळ किंवा पावलावर २१ गेजच्या सुईनं खालून या. तसा खालून येणारा दरवाजा लागू शकतो हे आधीच गृहीत धरून पाऊल स्वच्छ करून ड्रेपच्या (निर्जंतुक चादरीच्या) बाहेर ठेवा. ऐनवेळी ड्रेप उचलून पाऊल शोधणं म्हणजे संसर्गाला बोलावणं.

बलूनचे आकार: मांडीत ५ ते ६ मिमी, गुडघ्यामागे ४ ते ५, पोटरीत २.५ ते ३, पावलात दीड ते दोन. लांबी शक्यतो आख्ख्या रोगट भागाइतकी. हळू फुगवा, दोन-तीन मिनिटं तसाच ठेवा, हळू सोडा. वीस सेंटिमीटरची बंद धमनी हृदयाच्या वीस मिलिमीटरच्या बलूननं दहा वेळा फुगवत गेलात तर प्रत्येक कडेला आतलं अस्तर फाटायची दहा ठिकाणं तयार होतात. अस्तर फाटून प्रवाह अडलाच तर तोच बलून कमी दाबावर तीन ते पाच मिनिटं पुन्हा धरा. बहुतेक वेळा अस्तर चिकटतं. स्टेंट शेवटचा. गुडघ्यामागे स्टेंट टाळा, मांडी घालून बसणाऱ्या माणसाचा तो वाकून मोडतो. कॉमन फीमोरलमध्येही नको. तिथला रोग चिरून, एंडार्टरेक्टमी (धमनी उघडून आतला रोगट थर सोलणं) करून काढायचा. सोपं ऑपरेशन आहे, आणि पुढच्या वेळची सुई घालायची जागाही शाबूत राहते.

शेवटचा फोटो पावलाचा, आडवा आणि समोरून. 'अँटीरियर टिबियल (पोटरीतली पुढची धमनी) उघडली' एवढ्यावर समाधान नको. जखमेपर्यंत रक्ताची सरळ रेघ जाते का आणि जखमेभोवती डाईची लाली भरते का, ते बघायचं. तीन धमन्या बंद असतील तर शक्यतो जखमेच्या बाजूची उघडा: टाचेला पोस्टीरियर टिबियल नाहीतर पेरोनियल, पावलाच्या पाठीला अँटीरियर. ती जमत नसेल तर जी जमेल ती, पण पावलापर्यंत. घोट्यावर संपणारी उघडी धमनी अंगठ्याच्या जखमेला फारशी कामाची नाही.

आणि खरेदी विभागाला एक सांगा. जगातली पहिली अँजिओप्लास्टी पायाचीच होती. १६ जानेवारी १९६४ला अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी ती केली. ८२ वर्षांच्या त्या बाईंनी पाय कापायला नकार दिला होता. हृदयात बलून अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी १९७७मध्ये नेला. उसनवारी कोणी कोणाकडून केली, ते त्यांनीच ठरवावं.

---

कॅथलॅब_तंत्रज्ञ

वरच्या सरांनी काम सांगितलं, मी कपाटाचं आणि मशीनचं बोलतो.

हृदयाच्या लॅबचा पॅनल (क्ष-किरणांचं चित्र टिपणारा फलक) साधारण २० सेंटिमीटर बाजूचा असतो. पायाच्या कामाचा मोठा पॅनल ३० बाय ४०च्या घरात. छोट्या पॅनलवर जांघेपासून पावलापर्यंत चार-पाच टप्पे पडतात आणि दर टप्प्याला वेगळी डाई. आहे त्यावर काम होतं, पण टेबल किती सरकतं ते आधी बघा. काही टेबलांवर रुग्ण नेहमीच्या दिशेनं झोपवला की पाऊल पॅनलखाली येतच नाही. मग डोकं-पाय उलटे करून झोपवावं लागतं, आणि ऑक्सिजन, मॉनिटर, सक्शन सगळं दुसऱ्या टोकाला न्यावं लागतं. हे केसच्या दिवशी कळू नये. आदल्या दिवशी सहा फुटी वॉर्डबॉय झोपवून बघा.

मशीनवर डीएसए (हाडं वजा करून फक्त डाई दाखवणारं चित्रण) चालू आहे का, तेही तपासा. हृदयाचा सिने (चलचित्र) सेकंदाला १५ फ्रेमनं घेतात. पायाला डीएसए सेकंदाला २-३ फ्रेम पुरतं, कारण आजारी पायात डाई खाली उतरायलाच वेळ लागतो. बटणावरचं बोट लवकर उचललं तर पावलापर्यंत डाई पोचायच्या आत फोटो संपतो आणि 'पावलात काहीच नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो. डाई अर्धी सलाइननं पातळ करा. ती पावलात झोंबली की रुग्ण पाय झटकतो आणि मास्क (वजा करायचं, डाईच्या आधीचं चित्र) बिघडतो. पाय फोमच्या साच्यात ठेवून पट्ट्यानं बांधा.

फ्रेंचचा घोळ नव्या लोकांना फार छळतो. एक फ्रेंच म्हणजे ०.३३ मिमी. पण शीथवरचा आकडा आतल्या व्यासाचा आणि गाइडिंग कॅथेटरवरचा (शीथमधून आत सारायची नळी) बाहेरच्या. त्यामुळे ६ फ्रेंच शीथमधून ६ फ्रेंच गाइडिंग जातं, पण शीथनं धमनीला पाडलेलं भोक ६ फ्रेंचहून मोठं असतं. ०.०३५ची वायर ०.८९ मिमी, ०.०१८ची ०.४६, ०.०१४ची ०.३६. बलूनच्या पाकिटावर कुठली वायर बसते ते लिहिलेलं असतं, ०.०१४च्या बलूनमध्ये ०.०१८ शिरणार नाही, आणि हे पाकीट फाडल्यावर कळलं तर बिल कोणाच्या नावावर टाकायचं यावर संध्याकाळपर्यंत चर्चा.

लांबी: ओव्हर-द-वायर (आख्खी नळी वायरवरून सरकणाऱ्या) बलूनला वायर ३०० सेंमीची घ्या. बलूनची नळी १५० सेंमी असेल तर तेवढीच वायर शरीराबाहेर उरली पाहिजे, नाहीतर बलून बदलताना वायर सुटते आणि तासाभराची मेहनत गेली. त्याच जांघेतून गेलात तर ९० ते १२० सेंमीची नळी बहुतेकांना पुरते. दुसऱ्या जांघेतून वळसा घालून गेलात तर ४५ सेंमीचा लांब शीथ आणि १५० सेंमीची नळी.

सुरुवातीला कपाटात असू द्या: मायक्रोपंक्चर सेट ४, शॉर्ट शीथ ५ आणि ६ फ्रेंच प्रत्येकी ५, वळशाचा लांब शीथ २. ०.०३५ अँगल्ड हायड्रोफिलिक ४, ०.०१८ आणि ०.०१४ प्रत्येकी ४, त्यांतल्या निम्म्या जड टोकाच्या. सपोर्ट कॅथेटर ०.०१८ आणि ०.०१४ला बसणारी, ९० आणि १५० सेंमी. बलून २, २.५ आणि ३ मिमीचे, १०० ते २०० मिमी लांब. ४, ५ आणि ६ मिमीचे १०० ते १५०. एक स्नेअर (आत सुटलेली वस्तू पकडायचा फास), दोन अ‍ॅस्पिरेशन कॅथेटर (गुठळी ओढून घ्यायला). बलून, स्टेंट कन्साइनमेंटवर घ्या आणि वापरलं त्याचंच बिल लावा. एकदा फुगवलेला बलून पुन्हा मूळच्या घडीत बसत नाही. तो पंखासारखा उघडा राहतो आणि अरुंद धमनीत अडकतो. एकाच केसमध्ये दोन धमन्यांना वापरायचा असेल तर अवघड धमनी आधी करा.

इलिअ‍ॅकला (पोटातून जांघेकडे येणारी धमनी) हात लावणार असाल तर योग्य आकाराचा कव्हर्ड स्टेंट (फाटलेली धमनी आतून झाकणारा) लॅबमध्ये आल्याशिवाय केस सुरू करू नका. 'फोन केला की अर्ध्या तासात पोचवतो' हे पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ऐकून घेण्यापुरतं.

रेडिएशन: अ‍ॅप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नका, आतलं शिसं तडकतं. हँगरवर लावा, वर्षातून एकदा फ्लोरोखाली बघा. टीएलडी (किरणांची मात्रा मोजणारा) बॅज अ‍ॅप्रनच्या आत, छातीवर. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३०. पावलातून सुई घालताना हात थेट किरणांत जातो, म्हणून ती सुई सोनोग्राफीवर घाला.

---

शीरबायपास_सदाशिव

सगळं मान्य, पण एक गोष्ट राहिली. पायात चांगली शीर असलेल्या माणसाला 'आधी बलून तर करून बघू' म्हणताना थोडं थांबा.

२०२२मध्ये बेस्ट-सीएलआय (बायपास बरा की बलून हे तपासणारी) चाचणी आली. एकूण १,८३० रुग्ण. त्यातल्या एक सलग चांगली ग्रेट सॅफिनस (पायाच्या आतल्या बाजूची लांब) शीर असलेल्या १,४३४ जणांत मोठं अँप्युटेशन, मोठी पुनर्शस्त्रक्रिया किंवा मृत्यू बायपासनंतर (बंद धमनीला शिरेचा वळसा जोडणं) ४२.६ टक्के, एंडोव्हॅस्क्युलरनंतर (आतून बलून-स्टेंटचं काम) ५७.४ टक्के. म्हणून अँजिओग्राफीच्या आधी उभं करून शिरेची सोनोग्राफी करा. ३ मिमी किंवा जास्त, सलग, गाठी नसलेली शीर असेल तर ते केसपेपरवर ठळक लिहा. आणि त्या शिरेवर सलाइन लावू नका! घोट्याजवळच्या शिरेत इंट्राकॅथ (सलाइनची नळी) घालून बायपासची एकुलती एक शीर जाळल्याची उदाहरणं कमी नाहीत.

---

रक्तवाहिनी_कोथरूड

@शीरबायपास_सदाशिव सर, अर्धं मान्य. पण २०२३ची बेसिल-२ (तशीच दुसरी चाचणी) उलट सांगते. त्यातले ३४५ रुग्ण गुडघ्याखालच्या रोगाचेच होते. मोठं अँप्युटेशन किंवा मृत्यू शिरेच्या बायपासनंतर ६३ टक्के, एंडोव्हॅस्क्युलरनंतर ५३ टक्के. फरक मुख्यतः बायपासच्या गटातल्या जास्त मृत्यूंमुळे. हडपसरच्या सरांकडे येणारा रुग्ण सत्तरीचा, हृदय ३० टक्के चालणारं, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) चढलेलं. त्याला चार तासांची भूल सोसते का, हे आधी बघायला हवं.

माझं गणित असं: शीर चांगली, माणूस फिट, धमनी लांबवर बंद, पावलात उतरायला (बायपासचं खालचं टोक जोडायला) बरी धमनी आहे, जखम मोठी, त्याला बायपास. शीर नाही किंवा माणूस नाजूक, त्याला बलून. बलूननं उघडलेली पोटरीची धमनी वर्षभरात पुन्हा अरुंद होणं नेहमीचंच आहे. जखम भरेपर्यंत ती उघडी राहिली की पुष्कळदा काम झालेलं असतं. म्हणूनच बलून करताना पुढच्या बायपासला उतरायची धमनी खराब करू नका. ती स्टेंटनं झाकली की तो रस्ता बंद.

आणि तिशी-चाळिशीचा, तंबाखू किंवा विडीवाला, साखर नसलेला, पायाची बोटं काळी पडलेली, अँजिओत स्क्रूसारखे वळलेले बारीक फाटे: तो बर्गर (तंबाखूमुळे बारीक धमन्या सुजून बंद पडण्याचा आजार). तिथे बलूनची बाजू फार लंगडी. तंबाखू आणि मशेरी पूर्ण सुटली तरच पाय वाचतो. कमी करून भागत नाही.

---

शीरबायपास_सदाशिव

फिट माणसाला बायपास एवढं मान्य केलंत, तर भांडण संपलं. फक्त आठवड्यात दोन दिवस येणारा सर्जन बायपास करेल का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर 'नाही' असेल तर ज्यांना बायपास हवा त्यांना कुठे पाठवायचं ते आधी ठरवून ठेवा, बलून फसल्यावर नाही.

---

सिस्टर_इनचार्ज

रात्रीचं मी सांगते, कारण वर कोणीच नीट लिहिलं नाही.

आपल्या मुलींना हृदयाच्या केसची सवय असते. तिथे सुई वरच्या दिशेनं गेलेली असते, त्यामुळे धमनीतलं भोक कातडीच्या भोकाच्या वर असतं आणि आपण वर दाबतो. अँटिग्रेडमध्ये उलटं. सुई खालच्या दिशेनं जाते, धमनीतलं भोक कातडीच्या भोकाच्या खाली. सवयीनं वर दाबत राहिलं तर बाहेर थेंब येत नाही आणि आत मात्र गोळा वाढत राहतो. बोटं भोकावर आणि किंचित खाली ठेवा. शीथ काढण्याआधी एसीटी १८०च्या खाली आलाय का बघा. हातानं दाब १५ ते २० मिनिटं, घड्याळ लावून; मध्ये उचलून बघायचं नाही. बघितलंत तर पुन्हा शून्यापासून. दाब एवढाच की रक्त थांबेल पण पावलातला डॉपलर पूर्ण बंद होणार नाही. आत्ता उघडलेली धमनी आपल्याच दाबानं गोठायला नको.

वाळूची पिशवी ठेवू नका. ती रक्त थांबवत नाही, खाली साचलेलं फक्त झाकून ठेवते. पांघरूणही जांघेवरून बाजूला; बघायचंय ते दिसलं पाहिजे. पाय सरळ ठेवून चार ते सहा तास आडवं. जेवण, लघवी सगळं झोपून.

डॉपलरचा आवाज जिथे लागला तिथे कॅथलॅबमधूनच पावलावर मार्करनं फुली मारून घ्या. रात्री अडीचला नवीन मुलगी पाऊलभर प्रोब फिरवत बसते आणि 'पल्स नाही' म्हणून सगळ्यांना उठवते, किंवा त्याहून वाईट म्हणजे 'लागली असेल' म्हणून लिहून टाकते. पहिला तास दर १५ मिनिटांनी, पुढचे दोन तास दर अर्ध्या तासानं, मग दर तासाला: जांघ, फुलीवरचा आवाज, पावलाचा रंग आणि उबदारपणा, पोटरी, बीपी, नाडी.

आरएमओला लगेच उठवायचं ते असं. कंबर किंवा बाजू दुखते, बीपी उतरतंय, जांघ मात्र छान दिसते, तर पोटामागे रक्त साचतंय असं धरून चला. बीटा ब्लॉकरवर (नाडी मंदावणारी गोळी) असेल तर नाडी वाढणार नाही, तिची वाट बघू नका. पाऊल एकदम गार, पांढरं, आवाज गेला, तर धमनी गोठली. पोटरी दगडासारखी घट्ट, बोटं हातानं वर वाकवली की किंचाळतो, दुखणं इंजेक्शननं जात नाही, तर कंपार्टमेंट (सुजलेल्या पोटरीत आतला दाब चढणं). तो सकाळच्या राउंडपर्यंत थांबत नाही. चौथं म्हणजे जांघेत धडधडणारी गाठ. ती बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. सोनोग्राफी करून घ्या, आणि तोवर रुग्णाला जिन्यावर सोडू नका.

मधुमेहीला पायात संवेदना नसते, हे लक्षात ठेवा. 'दुखत नाही' असं तो म्हणाला म्हणून निर्धास्त झोपायचं नाही. दुसऱ्या पायाच्या टाचेखाली उशी द्या, सहा तास एकाच जागी पडलेली टाच सकाळी काळी निघते.

---

किडनी_ओपीडी

थोडक्यात. डाईच्या आधी सहा ते बारा तास आणि नंतर तेवढाच वेळ नॉर्मल सलाइन तासाला किलोमागे १ मिली. हृदय अशक्त असेल तर अर्धा. ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) ३०च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन बंद, ४८ तासांनी क्रिएटिनिन बघून पुढचं. डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) देऊ नका. वॉर्डात ते कोणीतरी लिहून ठेवतंच. सोनोग्राफीनं धमनीचा नकाशा आधीच काढला तर अर्ध्या डाईत काम होतं.

सीओटू (डाईऐवजी कार्बन डायऑक्साइड) अँजिओग्राफीचा पर्याय चांगला आहे, पण फक्त डायफ्रॅमच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) खाली. गॅस मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गेला तर अनर्थ, म्हणून रुग्णाचं डोकं उंच करायचं नाही. दोन इंजेक्शनांत दोन-तीन मिनिटांचं अंतर ठेवा. नळीत हवा राहता कामा नये. मांडीपर्यंत छान दिसतं, पोटरीच्या खाली चित्र तुटक येतं. तिथे पातळ डाईचे दोन-तीन मिली द्या. डायलिसिसवरच्या रुग्णाला सलाइनचा मारा करू नका. त्याला डाईपेक्षा पाणीच जास्त बाधतं.

---

हडपसर_जनरलसर्जन

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमची पोस्ट छापून मजल्यावर लावतोय. तीन शंका उरल्या. एक, पोट सुटलेला रुग्ण: अँटिग्रेड जमतं का? दोन, रेस्ट पेनचा माणूस दोन तास पाय सरळ ठेवून पडतच नाही. भूल द्यायची का? तीन, नंतरच्या गोळ्या आणि योजनेचं काय?

---

रक्तवाहिनी_कोथरूड

पोट: रुंद चिकटपट्टीनं पोटाची घडी विरुद्ध खांद्याकडे ओढून टेबलाला बांधा, मग सोनोग्राफी लावा. तरीही सुईचा कोन उभा होत असेल तर हट्ट नको. उभ्या कोनातला शीथ कातडीखाली मुडपतो आणि बलून आत जाता जात नाही. सरळ दुसऱ्या जांघेतून वळसा घ्या. ढकलायचा जोर कमी होतो, त्याची भरपाई लांब शीथ जितका खाली नेता येईल तितका नेऊन करा.

भूल: पूर्ण भूल नको, नुसती झोपेची इंजेक्शनंही नकोत. अर्धवट गुंगीतला माणूस जास्त हलतो आणि श्वासही मंदावतो. भूलतज्ज्ञांना गुडघ्यामागे सोनोग्राफीवर पॉप्लिटिअल सायटिक ब्लॉक (पावलाकडे जाणाऱ्या नसेभोवती भूल) द्यायला सांगा. पाऊल शांत होतं, माणूस जागा राहतो. फक्त सिस्टरना कळवा, कारण ब्लॉक उतरेपर्यंत कंपार्टमेंटचं दुखणं कळणार नाही. तोपर्यंत पोटरी हातानंच चाचपायची.

गोळ्या: अ‍ॅस्पिरिन ७५ चालू. क्लोपिडोग्रेल ३०० एकदा, मग रोज ७५, एक ते सहा महिने. किती ते रक्तस्रावाचा धोका आणि केलेलं काम बघून. अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन ४० ते ८०. पाय बघायचा एक, तीन, सहा, बारा महिन्यांनी, पण जखम उघडी असेल तर दर आठवड्याला. भरत आलेली जखम अचानक थबकली तर ड्रेसिंग बदलत बसू नका, आधी डॉपलर लावा.

---

कॅथलॅब_तंत्रज्ञ

योजनेचं मी सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असाल तर तुमच्या रुग्णालयाला ही शस्त्रक्रिया कुठल्या स्पेशालिटीखाली मंजूर आहे ते आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातला योजनेचा माणूस) आधी काढून घ्या. कार्डिओलॉजीला मान्यता आहे म्हणून व्हॅस्क्युलरलाही असेल, असं धरू नका. जखमेचे फोटो, डॉपलर रिपोर्ट आणि अँजिओच्या आधी-नंतरच्या सीडी नीट नाव लावून ठेवा. क्लेम अडतो तो बहुधा कागदावर. तातडीच्या केसला फोनवरून कळवून सुरू करायची सोय आहे, ती रविवारी कोण करणार ते ठरवा. आणि हृदयाच्या स्टेंटच्या किमती २०१७मध्ये बांधल्या गेल्या, तो आदेश पायाच्या स्टेंटला नाही. नातेवाईक वर्तमानपत्रातली किंमत घेऊन येतात, त्यांना केसच्या आधी लेखी अंदाज द्या.

---

सिस्टर_इनचार्ज

छापणार असाल तर अँटिग्रेडची ओळ लाल शाईत घ्या. आणि डॉपलरसोबत जेलची बाटली बांधून ठेवा, रात्री तीच सापडत नाही.